डाव्या चाकातली हवा

नाना, गाडीचे चारही टायर बदलले. तुम्हाला जाऊन कितीतरी वर्षं झाली आणि ही गाडी तर तुम्ही पाहिलीही नाहीत. पण टायरबद्दल घरात ज्यांच्याशी बोलावं ते तुमचे जावई आता बोलू शकत नाहीत, म्हणून तुम्हाला लिहायला बसले. दिवाळीनंतर एका सकाळी दाढी करता करता यांच्या हातातला ब्रश खाली पडला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. पाय थोडा परतला, धरून चालतात. हात मांडीवर पडून असतो. शब्द परतले नाहीत.

गाडी यांनी निवृत्त झाल्यावर घेतली. उंच, काळी, सात माणसांची, वजनाला दोन टनांच्या वर. मी म्हटलं होतं, आपण दोघंच तर आहोत, एवढं धूड कशाला? तर म्हणाले, "बागची लेणी पाहू, कन्नौदला ताईकडे जाऊ, रस्ता कसाही असो." जन्म कारखान्यात गेला होता, हौस राहिली होती. जुनी छोटी गाडी विकून टाकली. आजारपणात ही गाडी दारात महिनोन्महिने उभी राहिली, तिच्यावर धूळ साचली, खाली मांजर व्यायली. मुलगी फोनवर म्हणायची, "आई, बेचून टाक ना ती गाडी. टॅक्सी करत जा." फोनचा आवाज यांना ऐकू जायचा, आणि हे डाव्या हाताने खुर्चीचा दांडा बडवायचे. शेवटी मीच किल्ली घेतली.

जायचं होतं देवासला. इंदूरला आधी ज्या बाईंकडे नेलं त्या बोलायला हिंदीतून शिकवत, आणि जन्मभर कारखान्यात हिंदी बोललेल्या या माणसाची हिंदी साफ पुसली गेली होती. उरले ते दोन-चार शब्द मराठी, तेही लहान मुलाचे. आई. पाणी. हवा. हो. त्यातला 'हो' तर होकारालाही तोच आणि नकारालाही तोच. देवासला वाचा शिकवणाऱ्या एक मराठी बाई आहेत असं कळलं, आणि दर गुरुवारी धारहून देवासला जायचं ठरलं.

तुमची कुक्षीची जीप मला फार आठवते, नाना. क्वार्टरसमोर ती उभी आहे, तुम्ही कालव्याच्या कामावर निघायच्या आधी उकिडवे बसून चाकातली हवा मोजताय. "गाडी चालून तापली की मोजायची नाही. तापलेला टायर खोटं सांगतो." मग माझा तळहात टायरवर ठेवून पुढे-मागे फिरवायला लावता. "जाताना मऊ लागतं आणि येताना टोचतं? मग चाक वाकडं चाललंय. उगीच रस्त्याला दोष द्यायचा नाही." एकदा उभ्या जीपमध्ये बसून मी स्टेअरिंग गरगर फिरवत होते, तेव्हा साऱ्या क्वार्टरांना ऐकू जाईल असे ओरडलात, "अगं, जड गाडीचं चाक जागच्या जागी वळवलं की टायर खरवडून निघतो! आधी गाडी हलू दे, मग वळव!" मी रडले. संध्याकाळी तुम्ही जिलबी घेऊन आलात, रागावल्याबद्दल मात्र चकार शब्द काढला नाहीत. आणि लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळसणाला जावयाला अंगठीबरोबर हवा मोजायचं पितळी यंत्र दिलंत. आईने कपाळाला हात लावला. हे मात्र अंगठी खिशात टाकून त्या यंत्रासकट तुमच्या मागोमाग जीपकडे गेले. दोघं चाकापाशी बसून काय बोलत होतात देव जाणे, ताटं वाढून निवली तरी उठला नाहीत.

एवढं सगळं पाहूनही त्या पहिल्या गुरुवारी मी नुसती धूळ पुसली आणि निघाले. वैशाख होता. इंदूरच्या बायपासला वेग घेतला तशी गाडी थरथरायला लागली. मला वाटलं, माझेच हात कापताहेत, एवढी मोठी गाडी कधी चालवली नव्हती. मधूनच ती डावीकडे ओढ घेई. तेवढ्यात हे म्हणाले, "हवा."

मला केवढा आनंद झाला! बाईंकडे पोचायच्या आधीच आपणहून बोलले. मी त्यांच्या बाजूची काच खाली केली. भट्टीसारखा वारा आत आला. "हवा!" काच वर केली, एसी वाढवला, जाळी त्यांच्या तोंडाकडे वळवली. त्यांनी माझा हात झिडकारला. "हवा, हवा, हवा!"

"अहो, देतेय ना हवा! आणखी किती देऊ?" मी ओरडलेच.

तेव्हा त्यांनी काचेला कपाळ टेकलं आणि खाली, चाकाच्या बाजूला बघत राहिले. रडत होते. थोडं पुढे गेलो आणि धाडकन आवाज झाला. डाव्या बाजूचं पुढचं चाक बसलं, स्टेअरिंग हातातून हिसकल्यासारखं झालं. यांचा स्टेअरिंगच्या बाजूचा हात उजवा. तो मांडीवर तसाच होता. हे नुसते त्या हाताकडे बघत राहिले. मी ब्रेक न मारता जीव मुठीत धरून गाडी सरळ धरली, आणि ती आपोआप हळू होत कडेला जाऊन थांबली.

स्टेपनी मला उचलेना. एक ट्रकवाला थांबला. "डरो मत, बैनजी. कित्ते दिन से खड़ी थी ये?" त्याने चाक बदलता बदलता दाखवलं. जड गाडी उभी राहून राहून टायर एका जागी चपटे पडले होते, बाजूच्या रबराला भेगा होत्या, आणि हवा कधीच उतरली होती. "स्टेपनी में भी कम है. धीरे-धीरे ले जाना." तो गेल्यावर मी यांच्या खिडकीशी गेले. "तुम्ही टायरची हवा म्हणत होतात का?"

"हो," हे म्हणाले. पण नाना, हे सगळ्यालाच हो म्हणतात.

देवासला बाईंकडे न जाता मी आधी टायरचं दुकान गाठलं. दुकानदाराने मोठमोठ्या गुट्ट्यांचे, उंच रबरी ठोकळे असलेले रुंद टायर पुढे लोटले. "भाभीजी, ये डलवा लो. क्या जबर दिखेगी गाड़ी!" मी म्हटलं, "मुझे दिखानी नहीं है भिया, चलानी है." टायरच्या कुशीवर वजनाचा आकडा असतो, कंपनीने दिलेल्या आकड्याहून तो कमी नको, एवढं मला ठाऊक होतं. आमचं जाणं सगळं डांबरी रस्त्यावरचं, तिथे त्या गुट्ट्या घोंघावतात आणि लवकर झिजतात, हे यांच्याच तोंडून ऐकलेलं. पण पुढे दोन-तीन प्रकार उरले आणि मला काही उमजेना. "भाईसाब से पूछ लो," दुकानदार म्हणाला. त्याने एकेक टायर लोळवत गाडीपाशी आणला. यांनी डावा हात बाहेर काढून प्रत्येकाच्या खाचांतून बोटं फिरवली, डोळे मिटून, अगदी सावकाश.

"हा घ्यायचा?"

"हो."

"का हा?"

"हो."

त्यांचं मत होतं, नाना. चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं की त्यांचं काहीतरी पक्कं मत आहे. ते मला कळलं नाही. मी आपला बोट दाखवून मधला निवडला. चाकांचा कोनही नीट करून घेतला, पुढची दोन्ही वाकडी चालत होती. बरोबर निवडला की चूक, ते यांना माहीत आहे, आणि आता ते मला कधीच कळणार नाही.

आता मी सगळं करते. सकाळी गाडी थंड असताना तुमच्या पितळी यंत्राने हवा मोजते, दाराच्या कडेला चिकटवलेल्या आकड्याशी ताडून बघते. मागचं फालतू सामान उतरवून वजन हलकं केलंय. सिग्नल लांबून दिसला की पाय उचलते, म्हणजे ब्रेक दाबावा लागत नाही. अधूनमधून पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे करून घेते. ओसरीवर खुर्ची टाकून हे बघत बसतात. टायर अजून कोरे करकरीत दिसतात. दुकानदार म्हणाला, ऐसे ही चलाओगे तो बरसों चलेंगे. यांच्याकडे मात्र वैशाखात होते तेवढेच शब्द आहेत. उलट 'पाणी' हल्ली येत नाही, पेल्याकडे बोट दाखवतात.

हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणून एक लिहिते. मुलीलाही सांगितलेलं नाही. मागे एकदा हे आत चपला घालत होते तेव्हा देवासच्या बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "काकू, यापुढे काही येईल असं मला वाटत नाही. एवढ्या लांबून त्यांना आणू नका." मी बरं म्हटलं. पण गुरुवार उजाडला की हे सकाळीच इस्त्रीचा शर्ट पुढे करतात, तो मी घालून देते, आणि आम्ही निघतो. देवासला जाऊन तिथल्या देवीच्या टेकडीखाली गाडी लावते, दोघं उसाचा रस पितो आणि परत फिरतो. बाई आज सुट्टीवर आहेत, असं मी यांना दर गुरुवारी सांगते.