खांद्यावरची पिवळी पट्टी

मंगळवार, दुपार

ती. ताईस,

धाकटीचा नमस्कार. आम्ही दोघं बरी आहोत. भाचीचा खोकला थांबला का? भाऊजींनी बाल्कनीला जाळी बसवली की अजून मोजमापंच चालली आहेत?

फोनच करणार होते. पण तू माझ्या पहिल्या ‘हॅलो’वरूनच ओळखतेस, आणि मग माझ्याच्याने पुढे बोलवत नाही. म्हणून पत्र.

तू मागे विचारलं होतंस, हल्ली एवढी चिडचिडी का झालीस? आमचं काम तुला माहीत आहे. बसचे सांगाडे आले की आम्ही रंग फवारतो. अंगभर पांढरा सूट, डोक्यावर टोपडं, तोंडावर दोन्ही गालांना फिल्टर असलेला मोठा मास्क. आठ तास कुणाचा चेहरा म्हणून दिसत नाही, नुसते डोळे, तेही काचेआड. ओळखायचं ते पाठीवरच्या नावावरून. माझ्या पाठीवर ‘चौकीदार’ लिहिलंय, कारण मी सगळ्यांवर डोळा ठेवते म्हणे. माझ्या जोडीदारणीच्या पाठीवर ‘शिट्टी’. फिल्टर घट्ट बसला की तिच्या मास्कमधून श्वासागणिक बारीक शिट्टी वाजते.

तुला खरं सांगू? डोळ्यांवरून काही कळत नाही गं. कुणी हसतंय की दुखतंय, काही नाही. मग मन आपलं आपण भरत सुटतं, आणि भरतं ते वाईटच. दोघी कोपऱ्यात उभ्या दिसल्या की मला वाटतं, माझ्याबद्दलच बोलतायत. घरी येऊन मास्क काढला तरी ते जात नाही. परवा ह्यांना म्हटलं, “मला का हसलात?” हे म्हणाले, “अगं बाई, जांभई देतोय!”

दहा-एक दिवसांपूर्वी साहेबांच्या केबिनच्या काचेतून मला ‘शिट्टी’ची पाठ दिसली. हात माझ्याकडे केलेला, आणि साहेब मान हलवत होते. दुसऱ्या दिवशी मला दर्शनी बाजूवरून काढून बसच्या पोटाखाली घातलं. झालं, पाल चुकचुकली. त्या सकाळी शिट्टी माझ्याशी चकार शब्द बोलली नाही. चोराच्या मनात चांदणं, म्हटलं मी. आणि मीही तोंड बंद केलं.

आता ऐक. आत जाण्याआधी जोडीदारणीने जोडीदारणीचा मास्क तपासायचा, अशी आमच्याकडे रीत आहे. तिच्या दोन्ही फिल्टरवर तळवे दाबायचे, तिने श्वास ओढायचा. मास्क गालाला चिकटला, तर ठीक. मग तिच्या खांद्यावर पिवळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावायचा. त्याशिवाय दार उघडत नाहीत.

त्याच दिवशी, आत गेल्यावर तासाभरात शिट्टी कोसळली. डावा फिल्टर अर्धाच फिरवलेला होता, रंगाची वाफ छातीत गेली. आज नववा दिवस, दवाखान्यात आहे. श्वास अजून धडपणे लागत नाही.

साहेबांनी विचारलं, “तपासलं होतंस?” मी म्हटलं, “हो. पट्टी आहे ना खांद्यावर.”

काल भेटायला गेले. नऊ वर्षांत तिचा चेहरा मी इतका वेळ कधी पाहिला नव्हता. अजूनही एक गाल किंचित सुजलेला. म्हटलं, “हे काय?” तर थांबत थांबत म्हणाली, “दाढ काढली ना. पडले त्याच्या आदल्या दिवशी रजाच होती माझी. दुसऱ्या दिवशी तोंडच उघडत नव्हतं, फिल्टर कसा लावला तेही आठवत नाही. आणि माझा सूट त्या भांडारवाल्याने नव्या बाईला दिला, पार घामट करून ठेवलाय तिने.”

केबिनमध्ये ती नव्हतीच, ताई, तिच्या सुटातली नवी बाई होती. नव्या बाईने बोट दाखवलं होतं ते माझ्यामागच्या गळक्या नळीकडे. आज सकाळी तिलाच विचारलं. बसखाली तर त्या आठवड्यात आळीपाळीने सगळ्यांनाच घातलं होतं, मला तेवढं माझंच दिसलं.

आणि साहेब दवाखान्यात गेले तेव्हा शिट्टी त्यांना काय म्हणाली माहीत आहे? “चौकीदारने तपासलंय म्हणजे तपासलंय. तिच्यावर बोट ठेवू नका.” त्यावर साहेबांनी ठरवलं, मग फिल्टर हिनेच आत जाऊन सैल केला असणार, गुदमरतं म्हणून. उद्या मी तपासल्याचं लिहून सही केली, की तिला नियम मोडला म्हणून काढतील. छाती गेली ती गेलीच, वर कामही जाईल.

मी तपासलं नव्हतं, ताई. तिच्या डोळ्यांकडे पाहायचंच नव्हतं मला. रागाने पट्टी फाडली आणि खांद्यावर चिकटवली. हात फिल्टरपर्यंत नेलाच नाही. तिने मात्र सवयीने श्वास ओढला, तो मला ऐकू आला होता. शिट्टी वाजली नाही हेही ऐकू आलं होतं, आणि तरी मी वळले.

उद्या सही करणार नाही. आधी दवाखान्यात जाऊन तिला सांगणार, मग साहेबांना. माझं काम जाईल, हे अजून ह्यांना सांगितलेलं नाही. तू लगेच फोन करू नकोस. समजूत घातलीस तर मी परत गप्प बसेन, माझा भरवसा नाही.

घरात डिंक सापडेना, म्हणून पाकीट त्याच पिवळ्या पट्टीने बंद करते आहे. लावण्याआधी आतलं दोनदा वाचून पाहिलं.

तुझी,
न तपासता पट्टी लावणारी
धाकटी