पावलं पुसू नयेत

९ सप्टेंबर

पोचले एकदाची! दिवसभर गाडी हाकून कंबरेचा पार चुरा झालाय आणि केसांत इतकी लाल धूळ बसलीय की धुवायला घेतले तर बादलीत विटा सापडतील. पण खुशीत आहे मी. इतकी वर्षं ज्या तळ्याच्या नावानं जीव टाकत होते, ते मिठाचं तळं आता खिडकीतून दिसतंय.

क्लेम हा इथल्या गुरांच्या फार्मचा मॅनेजर. सिगारेट आणि टोमणा, दोन्ही कायम तोंडात. मला बघितल्याबरोबर म्हणाला, ही फोटोवाली एकटी राहणार म्हणे, म्हणजे आठवड्यात पळणार. त्याच्या व्हरांड्यात कोरल आँटी बसली होती. तळं आणि भोवतालची जमीन तिच्या लोकांची, इथल्या मूळ रहिवाशांची. फोटोंच्या परवानगीवर सही तिचीच. ऐंशीच्या घरात आहे, पण नजर अशी की पोटातलं ओठावर आलंच पाहिजे. मी आल्याच्या बिस्किटांचा पुडा पुढं केला, तर म्हणाली, एवढ्यानं मी विकली जायची नाही, पण पुडा ठेव.

फार्मपासून अर्ध्या तासावर, तळ्याच्या काठाला माझी पत्र्याची खोली. कॉट, गॅसची शेगडी, पाण्याची टाकी आणि वायरलेस. रोज संध्याकाळी क्लेमला हाक मारायची हा नियम. लागोपाठ दोन संध्याकाळी हाक आली नाही तर तो येणार आणि पावलांच्या मागानं शोधणार. या मुलखात पोलीससुद्धा माणूस असाच शोधतात.

निघायच्या आधी फार्मवरून ब्रायडीला फोन केला. लेक माझी, ॲडलेडला शिकते. तिचं जुनंच तुणतुणं : आई, तुझ्या फोटोत सगळं जग असतं, माणूस तेवढा नसतो. पुढच्या महिन्यात तिला विसावं लागतंय. भेट म्हणून काय हवं विचारलं, तर म्हणाली, तुझा फोटो आण. तू असलेला. मला भिंतीवर तळं नकोय, तू हवीयस. दिलं वचन. वाढदिवसाला मी घरी आणि फोटो तिच्या हातात.

१० सप्टेंबर

माश्या! ब्रायडी म्हणते मी नाकावर माशी बसू देत नाही. इथं तिनं येऊन बघावं. नाकावर, ओठांवर, डोळ्यांच्या कोपऱ्यात, चहात. एक हाकलली तर तिचं अख्खं खानदान येतं.

तळं मात्र— काय लिहू! पांढरंशुभ्र मीठ थेट आभाळाला टेकलेलं, काठाला लाल वाळूचा पट्टा. एक चरा नाही. माझी कामाची रीत ठरलेली आहे. आत चालत जायचं, जागा हेरायची, आणि मल्गाच्या झुडपाची पाल्याची फांदी तोडून उलट्या पावली परत यायचं, आपलीच पावलं पुसत. फोटोत माणसाचा मागमूस नको. माझं नाव झालंय ते यावरच. उगाच नाही लोक विचारत, बाई तुम्ही उडत जाता का?

दुपारी क्लेम पिण्याचं पाणी घेऊन आला, बरोबर कोरल आँटी. माझ्या हातात फांदी बघून तिचा चेहराच उतरला. फांदी काढून घेतली तिनं. म्हणाली, पोरी, आमच्यात माणूस गेलं की असं करतात. घर झाडायचं, अंगण झाडायचं, त्याची पावलं फांदीनं पुसायची, म्हणजे ते इथं घुटमळत नाही, सुखानं पुढं जातं. जित्या माणसाची पावलं पुसायची नसतात. आणि स्वतःची स्वतः तर कुणी वेड्यानंही पुसू नयेत.

मी हो आँटी, हो आँटी केलं. मला खरंच वाईट वाटलं. पण उन्हं कलायला लागली होती आणि मिठावर गुलाबी रंग चढत होता. तो काही माझ्यासाठी थांबणार नव्हता. त्यांची गाडी टेकाडाआड गेली तशी मी दुसरी फांदी तोडली.

१२ सप्टेंबर

दोन दिवस नुसते सोन्याचे. वायरलेसवर क्लेमला सांगितलं की तळ्यावर माझं एक पाऊल सापडलं तर पैजेची बिअर माझ्याकडून. तो म्हणाला, फोटोवाली, तळं तरी ठेवलंयस का, का तेही पुसलंस? मागून कोरल आँटीचा आवाज आला. तिला काय म्हणायचं होतं ते क्लेमनं सांगितलं नाही.

उद्या तळ्यातल्या बेटावर जाणार. लांब आहे, पण तिथून सगळं तळं एका चौकटीत मावेल. पुस्तकाचं मुखपृष्ठ तिथंच आहे.

१३ सप्टेंबर

मिळाला! जन्मभराचा फोटो मिळाला. कुठं काही नाही, नुसता उजेड.

येताना जरा फजिती झाली. उलटी चालत, पुसत पुसत येत होते. ऊन मी म्हणत होतं. पाण्याची बाटली बेटावरच राहिली होती आणि परत जायचं म्हणजे पुसलेलं पुन्हा बिघडवायचं, म्हणून गेले नाही. मध्यावर पायाखाली मिठाचा पापुद्रा फुटला. मांडीपर्यंत पाय चिखलात. काळा, गार, चिकट. ओढून ओढून दमले, डोकं गरगरायला लागलं, म्हटलं घटकाभर बसू.

मग खोलीत आले. कशी आले ते नीटसं आठवत नाही. उन्हानं होतं असं. बूट मात्र स्वच्छ आहेत, हे एक नवलच.

१४ सप्टेंबर

आज बरं वाटतंय. तहान नाही, भूक नाही. आणि मोठी बातमी म्हणजे माश्या गेल्या! खोलीत घोंघावतायत, कपावर बसतायत, पण माझ्या अंगाला एक शिवत नाही. सुटले बाई.

संध्याकाळी वायरलेसवर क्लेमला मुखपृष्ठाचं सांगायला लागले, तर तो मध्येच म्हणाला, फोटोवाली, बोल की. मी म्हटलं, बोलतेच आहे. तो पुन्हा तेच. बोल की गं बाई, आहेस ना? मशीन बिघडलं असणार. कालची हाकही त्याला पोचली नव्हती म्हणे. मी काल हाक मारली होती का?

१५ सप्टेंबर

सकाळी काठाच्या वाळूवर गेले. परवा बेटाकडं जातानाची माझी पावलं तिथं असायला हवी होती, मध्यापासून काठापर्यंतची पुसायची राहिलीच होती. आज नाहीत. वारा म्हणावं, तर वारा असा झाडत नाही. फणी फिरवल्यासारख्या बारीक रेघा आहेत. फांदीच्या. तळ्याकडून काठाकडं येत गेलेल्या.

मी त्यावरून चालले आणि मागं वळून बघितलं.

पाऊल उमटलं नव्हतं. जोरात आपटला पाय. उडी मारली. वाळू होती तशीच.

छे. उन्हाचं डोकं आहे हे. फार्मवर जाऊन यावं म्हणून गाडीत बसले. किल्ली फिरवली. काहीच नाही, खरखरसुद्धा नाही.

दुपारी क्लेम आला. कोरल आँटीही. मी हसत पुढं धावले. म्हटलं, किती वाट बघायला लावलीत! क्लेम माझ्या अंगावरूनच आत गेला. कॉट बघितली, टाकी बघितली, माझ्या नावानं हाका मारल्या. मी त्याच्या तोंडासमोर उभी राहून ओ देत होते. तो माझ्या पलीकडं बघत होता.

मग ते दोघं वाकून पावलं शोधायला लागले. गाडीपासून दारापर्यंतची माझी जुनी पावलं तेवढी शिल्लक आहेत, कारण तिथं फोटो काढायचा नव्हता. तळ्याकडं काही नाही. कोरल आँटी काठावर उभी राहिली. म्हणाली, हिनं स्वतःची स्वतः पुसली. आता शोधायचं कुठं?

क्लेमनं पुन्हा मोठ्यानं नेरिडा म्हणून हाक मारली, तर तिनं त्याचा दंड धरला. नाव घेऊ नकोस म्हणाली. आता घ्यायचं नाही.

त्यांच्यात गेलेल्या माणसाचं—

नाही. नाही नाही.

१७ सप्टेंबर

आभाळात विमान. सारखं घिरट्या घालतंय. मी तळ्याच्या मधोमध पांढरी चादर हलवली. म्हणजे मला वाटलं हलवली. चादर कॉटवरच आहे, घडीसुद्धा मोडलेली नाही.

खोलीतला जादा कॅमेरा तेवढा माझं ऐकतो. का, ते विचारू नये. ब्रायडीला वचन दिलंय ना मी. कॅमेरा तिवईवर लावला, टायमर लावला, धावत जाऊन समोर उभी राहिले. हसलेही. केस सारखे केले होते.

बघितलं. नुसतं तळं. सुरेख. एक डाग नाही.

परत काढला. परत. कॅमेऱ्याच्या पार जवळ जाऊन, तोंड भिंगाला लावून. तळं. तळं. तळं.

१८ सप्टेंबर

विमान नाही आज. पोलिसाची गाडी येऊन गेली. तो क्लेमला म्हणत होता, माग असता तर काढला असता हो, पण बाईनं धागाच ठेवला नाही.

किती अभिमान होता मला त्याचा.

वाळूवरच्या त्या रेघा आता खोलीच्या भिंतीशी आल्यात. मी पुसत नाही. कुणीच पुसत नाही. तरी जवळ येतायत. दारापुढची पावलं उरलीत फक्त. मी तिथंच बसून राहते. त्यांच्यावर पाय ठेवला की जरा धीर येतो. ते माझेच पाय आहेत, माझ्या मापाचे.

१९ सप्टेंबर

ब्रायडी आली.

माझी पोर. डोळे सुजलेत. क्लेमनं आणली. मी तिला मिठी मारली, तर तिनं नुसता स्वेटर ओढून घेतला.

आत जाऊन माझ्या कॉटवर बसली. उशी नाकाशी धरली. मग ही वही उचलली. बारा तारखेपर्यंत वाचली, मधेच हसली, मधेच तोंड दाबून रडली. पुढची पानं तिनं भराभर उलटली. कोरी पानं उलटावीत तशी.

पुढं वाच ना गं. मी लिहिलंय. सगळं लिहिलंय—

मग कॅमेरा. एकेक फोटो बघत गेली. मला शोधत होती. शेवटचे माझे, तिच्यासाठी काढलेले, ते पुन्हा पुन्हा मोठे करून बघितले. म्हणाली, आई, इथंही नाहीस तू?

आहे गं. आहे. मधोमध उभी आहे. हसतेय.

२० सप्टेंबर

सकाळ. कोरल आँटी आलीय. ब्रायडीचा हात हातात धरून बसलीय, किती मायेनं बोलतेय. म्हणते, तुझी आई आमच्यातली नव्हे, पण गेली आमच्या जमिनीवर. अर्धी पुसून अर्धी ठेवलीय तिनं स्वतःला, म्हणून ती इथं अडकलीय. तिला असं ठेवू नये. तिच्या माणसानं पुरं केलं, तर तिला सोपं जाईल.

आँटी, नको. तुमचं चुकतंय असं नाही म्हणत मी— पण नको.

मल्गाची फांदी. ताजी. ब्रायडीच्या हातात दिली.

नको ना.

गाडीपासून सुरुवात केलीय तिनं. उलट्या पावली. लहानपणी सुट्टीत मीच शिकवलं होतं तिला, उलटं कसं चालायचं, पुसताना हात कसा हलका ठेवायचा. अगदी तसंच करतेय. माझ्यासारखंच.

मी दारातल्या शेवटच्या पावलांवर उभी आहे. उभ्यानंच लिहितेय. आवाज येतोय, सर्र— सर्र—

रडतेय ती. आई, जा आता, म्हणतेय. जा, आराम कर. कुठं जाऊ गं? तुझा वाढदिवस—

पाय दिसत नाहीत माझे

एकच पाऊल राहिलं. डावं. ती वाकलीय, तिचे केस माझ्या हाताशी आलेत. थांबली. बघतेय पावलाकडं. ओळखलं तिनं, बुटाची झिजलेली टाच ओळखली. बोट फिरवतेय त्यावरून. ठेव ते. ब्रायडी, तेवढं एक ठेव, त्याचा फोटो काढ, तोच माझा फो—

फांदी उचलली

अगं नको पुसू न