माझे जलदान एकदा झाले आहे

मी, यशपाल जालिंदर शिवशरण, वय सव्वीस, शिक्षण नववीच्या सहामाहीपर्यंत, धंदा फिरणे आणि कार्यक्रम असेल तेव्हा इंद्राभाऊ होणे, राहणार बुधवार पेठ, सोलापूर, आज पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दाबाखाली न येता आणि चहाशिवाय काही न पिता लिहून ठेवतो की मी जिवंत आहे. मृत्युपत्रात हे सगळ्यात आधी लिहीत नाहीत, मला माहीत आहे. माझ्या बाबतीत लिहावं लागतं. का, ते पहिल्याच कलमात येतं.

कलम एक, घर. घर आईच्या, म्हणजे विठाबाई जालिंदर शिवशरण यांच्या नावावर आहे. ते मी कोणाला देऊ शकत नाही आणि कोणी माझ्याकडे मागू नये. घरात माझी म्हणावी अशी एकच वस्तू आहे, ती म्हणजे छताला आतून बांधलेला फ्लेक्स. पत्रा तापतो म्हणून आमच्याकडे लोक जुने फ्लेक्स आतून ताणून बांधतात. कोणाच्या घरात साड्यांचा सेल असतो, कोणाच्या घरात नगरसेवक असतो. आमच्या घरात मी आहे, तोंड खाली करून. कपाळाच्या वर "भावपूर्ण श्रद्धांजली", हनुवटीखाली पणती. दुपारी आडवं झालं की मी मला वरून बघतो.

हा फ्लेक्स घरात कसा आला ते सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. इंद्राभाऊ म्हणजे नट इंद्रजित माहूरकर. माझं तोंड त्याच्यासारखं आहे, हे टेंभुर्णीजवळ एका पोलिसाने मला हसत सोडून दिलं तेव्हा कळलं. मग आमच्या कोपऱ्यावर केस कापणाऱ्या अमरेशने माझे कल्ले तसे ठेवले. माढ्यात मोबाईलच्या दुकानाचं उद्घाटन, मैंदर्गीची जत्रा, श्रीपूरला उसाचा हंगाम संपल्यावरचा ऑर्केस्ट्रा, सगळीकडे मी डुप्लिकेट म्हणून जाऊ लागलो. पोटापुरतं मिळायचं. फिरायला तर मिळायचंच.

गेल्या डिसेंबरात खरा इंद्राभाऊ मुंबईत झोपेत गेला. तेव्हा मी कांद्याच्या ट्रकवर बसून विजापूरला गेलो होतो, कारण ड्रायव्हर म्हणाला की गोल घुमटात बोललं की आपलाच आवाज पुन्हा पुन्हा परत येतो. येतो. मी स्वतःचं नाव घेऊन बघितलं. शेवटी जो आवाज आला तो मला माझा वाटला नाही, पण ते असू द्या. मोबाईल बंद पडलेला होता. इकडे सोलापुरात त्या सकाळी प्रत्येक मंडळाला श्रद्धांजलीचा फ्लेक्स पाहिजे होता. रेवणप्पाचं फ्लेक्सचं दुकान आहे. त्याने घाईत कॉम्प्युटरमधला "इंद्राभाऊ" नावाचा फोटो उचलला. तो माढ्याच्या उद्घाटनाचा होता. म्हणजे मी. तोच फोटो त्याच्याकडून सगळ्या मंडळांच्या मोबाईलवर गेला आणि अक्कलकोटपासून माढ्यापर्यंत चौकाचौकात लागला. कोणाला काही कळलं नाही. गेला इंद्राभाऊ, आणि जिल्हा रडला माझ्या तोंडाकडे बघून.

आईला कळलं. माझ्या डाव्या भुवईत खाच आहे, ती तिला डोळे मिटूनही दिसेल. ती घागर घेऊन कोपऱ्यावर गेली, वर बघितलं आणि खाली बसली. नाव हारांनी झाकलेलं होतं. बायका जमल्या. पुढचं अमरेशने मला सांगितलं, तो दुकानातून बघत होता.

"माझा हाय ह्यो," आई म्हणाली.

"व्हय मावशी, साऱ्यांचाच व्हता."

"अगं माझा. पोटचा."

"आमाला बी तसंच वाटतंया बघा. सकाळधरनं घशाखाली घास उतरंना."

त्या खोटं बोलत नव्हत्या. खरंच रडत होत्या. आईला त्यांनी छातीशी धरलं, पाणी पाजलं, हात धरून घरी सोडलं. एवढं प्रेमानं तिला जन्मात कोणी धरलं नव्हतं. बाबा गेले तेव्हा गल्लीत कॅरम चालू होता, सोंगटी पडल्याचा आवाज मला अजून येतो. प्रतिक्षा, माझी थोरली बहीण, पुण्यातून फोनवर ओरडत होती की आई, थांब, खात्री करू. आई थांबली नाही. पोरगा परमुलखात वारला असं सांगून तिने भन्तेजींना बोलावलं आणि माझा जलदान विधी करून घेतला. मंडळाने फ्लेक्स उतरवला तेव्हा तो मागून आणला.

मी परत आलो तेव्हा ती तांदूळ निवडत होती. मला बघून उठली, पदर सारखा केला.

"यावा," म्हणाली. "थेट इंद्राभाऊ दिसतासा तुमी. माझा यशा बी असाच व्हता."

"आई, मीच यशा."

"जेवून जावा," म्हणाली.

मला तुमी म्हणाली. त्या दिवसापासून मी माझ्या घरात पाहुणा आहे. डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात, ती घेते. बाकी सगळं तिला ठीक कळतं. भाजीवाल्याशी भांडते, लाईटबिलात चूक काढते. मला वाढते, दुसरी भाकरी घ्या म्हणून आग्रह करते, आणि बोलते मात्र छताशी. तिचं माझ्यासाठी जेवढं रडायचं होतं तेवढं रडून झालंय. आता मी जिवंत असून काय उपयोग, असं मी म्हणत नाही, पण घरात बसलो की तसं वाटतं.

सबब पहिलं कलम असं की तो फ्लेक्स आईकडेच राहावा. आणि माझं जलदान एकदा झालेलं आहे, दुसऱ्यांदा खर्च करू नये.

कलम दोन, शिल्लक. बँकेत जे असेल ते आईचं. व्यवस्था प्रतिक्षाने बघावी. ती म्हणते, "येड्या, मृत्युपत्र कसलं करतोस, दोन दिवस झोप काढ." ती शिकलेली आहे, तिला राग आला की प्रमाण भाषा विसरते.

कलम तीन, कपडे व राग. चमकीचं जॅकेट माढ्याच्या दिग्विजयने नेलं आणि परत दिलं नाही. तोही इंद्राभाऊचा डुप्लिकेट आहे, पण फक्त मागून बघितलं तर. जॅकेट मी त्याला माफ केलं. पण खरा डुप्लिकेट आपणच असं तो सगळीकडे सांगतो, ते माफ केलेलं नाही. काळा गॉगल अमरेशला. सायकल ज्याची आहे तो येऊन घेऊन जाईल. रेवणप्पावर माझा राग नाही. फक्त माझा फोटो त्याने यापुढे छापू नये. छापलाच तर नाव फोटोच्या वर लिहावं, जिथे हार पोचत नाहीत, आणि खाली शोकाकुल म्हणून पुढाऱ्यांची तोंडं ओळीने लावू नयेत. त्यातल्या एकालाही मी कधी भेटलेलो नाही.

कलम चार, पिशवी. हे कलम मोठं आहे. आईच्या खाटेखाली खाकी पिशवी आहे. तिच्यातलं काही माझं नाही.

मैंदर्गीचा गुरुशांत ऑर्केस्ट्रा चालवतो आणि इंद्राभाऊ फॅन मंडळाचा अध्यक्ष आहे. उन्हाळ्यात तो मला म्हणाला, "मुंबईवाल्यांनी बघितलं. आमच्या लोकांनी काय बघायचं, मोबाईल? अंत्यदर्शन पाहिजे की त्यांना."

"मग मी काय करू?"

"नुसतं पडायचं. अय्यो, ऍक्टिंग पण नाही त्यात."

मी हसलो आणि हो म्हणालो. ट्रॅक्टरची ट्रॉली फुलांनी सजवली, मला पांढऱ्यात गुंडाळलं, नाकात कापूस घातला. सगळ्यांना माहीत होतं की मी डुप्लिकेट. तिकडच्या पोरांनी सकाळी माझ्याबरोबर वडापाव खाल्ला होता. तरी एकदा डोळे मिटल्यावर आवाज बदलला. लोक रांगेने आले आणि कानाशी वाकून बोलू लागले. मला वाटलं, इंद्राभाऊला म्हणतील का गेलास. एकदोघे म्हणाले. बाकीचे दुसरंच बोलत होते. "आमचे अण्णा तिकडं असतील, त्यांना सांग घर विकलं न्हाई." "तिला म्हणावं, मी रागात बोललो." कन्नडमध्येही बोलले, ते मला समजलं नाही, पण रडणं समजत होतं. आपलं माणूस गेलं तेव्हा ज्यांना रडायला जमलं नाही, ते सगळे इंद्राभाऊच्या नावाने रडायला आले होते. मग माढ्यात तसंच झालं. मग श्रीपुरात.

श्रीपुरात सोजरबाई आल्या. ऊसतोडीच्या बाई. माझ्या मुठीत त्यांनी काहीतरी कोंबलं आणि कानात म्हणाल्या, "माझा ल्योक महिपती उसाच्या फडातच गेला रं. गाडी भरायची व्हती, कोयता खाली ठिवता आला न्हाई. रडले बी न्हाई मी. तुला भेटंल तितं. त्येचा करदोडा हाय, दे त्येला." त्यांचे गाल माझ्या गालाला लागले, ओले होते. त्या गेल्या आणि मला थंडी वाजली. भर दुपारी.

कार्यक्रम संपला. गुरुशांत म्हणाला, "ऊठ की लेका." मला सगळं ऐकू येत होतं. माईकची खरखर, खुर्च्या गोळा करणारे, माझ्या पापणीवर चालणारी माशी. पण उठता येत नव्हतं. म्हटलं स्वतःला हाक मारावी, तर नाव आठवेना. आठवायचं ते इंद्राभाऊ. कोणीतरी हसलं, "लई भारी करतंय बघा." मग हसणं थांबलं आणि ते माझे हात चोळू लागले. तेव्हा मला आईची हाक आठवली. आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, आलं की गल्ली जागी होते, आणि आई लहानपणापासून एकच हाक मारायची, "यशा, पाणी आलंय रं, ऊठ!" ती आठवली आणि मी उठलो. पण आठवलेली हाक जुनी होत जाते. पुढच्या वेळेला ती पुरेल असं मला वाटत नाही.

करदोडा सोजरबाईंना परत द्यावा. महिपती मला भेटला नाही, असं सांगू नये. पिशवीत एक चष्मा आहे, एका बाळाचं टोपडं आहे, पिवळी बांगडी आहे, ती कोणाची ते मला ठाऊक नाही. ज्यांची ओळख पटेल त्यांना द्यावं. बाकीचं गुरुशांतने भीमा नदीत सोडावं आणि सोडताना माईक लावू नये.

कलम पाच, आजचा कार्यक्रम. आज इंद्राभाऊची पहिली पुण्यतिथी आहे आणि सोलापूरच्या मंडळाने मला ट्रॉलीवर पडायला सांगितलंय. अमरेश म्हणाला, "नको जाऊ, यशा. तुझी दाढी वाढंना झालीय, मला माहिताय." ते खरं आहे, मी ते कोणाला बोललो नव्हतो. तरी मी हो म्हटलं, एका अटीवर. ट्रॉली आमच्या गल्लीतून न्यायची आणि आईच्या दाराशी थांबवायची.

मला तिच्यासमोर उठून बसायचं आहे. एवढंच. ती छताशी बोलते, म्हणून मी आडवा होऊन तिच्यासमोर जाणार आहे. तिने मला तुमी न म्हणता तू म्हणावं. मी उठलो नाही तर डॉक्टरला आणण्याआधी तिला ट्रॉलीवर चढवावं आणि पाण्याची हाक मारायला सांगावं. नळाला पाणी नसलं तरी. तिने नाही मारली, तर मी तिच्या मनातून ज्या दिवशी गेलो तीच तारीख धरावी, आजची धरू नये.

हे सगळं मी रेवणप्पाच्या दुकानात बसून लिहिलं. दोन साक्षीदार आहेत, रेवणप्पा आणि अमरेश. ज्याला काही मिळतं त्याची साक्ष चालत नाही, म्हणून गॉगलमुळे अमरेशची चालणार नाही असं रेवणप्पा म्हणाला, म्हणून गॉगलचं वरचं वाक्य रद्द समजावं, तो प्रतिक्षाला द्यावा.

यशपाल जालिंदर शिवशरण
(सही खोडलेली, खाली अंगठा)

साक्षीदारांचा शेरा, रेवणप्पाच्या हातचा: यशपालने केलेली सही आम्ही दोघांनी बघितली आणि खोडली, कारण ती इंद्रजित माहूरकर अशी झाली. त्याला ती दाखवेपर्यंत त्याच्या लक्षात आलं नव्हतं. दुसऱ्यांदाही तीच झाली. म्हणून डाव्या हाताचा अंगठा घेतला. अंगठ्यावर मधोमध पांढरी रेघ आहे, लहानपणी तव्यावर भाजल्याची. अंगठा गार होता. शाई वाळायच्या आत यशपालची आई विठाबाई डबा घेऊन आल्या. कार्यक्रमाचे पाहुणे उपाशी असतील म्हणून आणला, असं म्हणाल्या. त्यांची नजर कागदावर गेली. बराच वेळ बघत राहिल्या. मग आम्हाला विचारलं, "ह्यो तर माझ्या यशाचा अंगठा. तुमाला कुटं घावला?"

यशपालने हात पुढे केला. त्यांनी पदराने शाई पुसली, रेघ बघितली, पुन्हा पुसली. तोंडाकडे बघितलं नाही. अंगठा मात्र धरलाय तो अजून सोडलेला नाही. बाहेर ट्रॅक्टर येऊन उभा आहे.

साक्षीदार:
१. रेवणप्पा (सही)
२. अमरेश (सही)

स्थळ: सोलापूर
दिनांक: १४ डिसेंबर २०२५, रविवार