नव्या कापडाची गादी

साखरशेत
८ डिसेंबर २०२४

सौ. शीलाताईस,
रंजनाचा सा. न. वि. वि.

फोनला रेंज हवी तर टेकडी चढावी लागते आणि आईला एकटी सोडून मला टेकडी चढता येत नाही. म्हणून तुका जीपवाल्याच्या हाती हे पत्र धाडते. आश्रमशाळेत मी रडायचे तेव्हा तू मला लिहायचीस, आता माझी पाळी.

आईचं खुब्याचं हाड जुळतंय, पण खाटेवर पडून पडून पाठ लाल झाली आहे. नर्सबाई म्हणाल्या, चांगली गादी घ्या आणि कूस बदलत राहा. आईचं म्हणणं, जन्म गोधडीवर गेला, आता मरायला गादी कशाला. भाताची झोडणी आटपली की मी मोखाड्याच्या बाजारात येईन म्हणते. पण गादी पारखायची कशी ते मला ठाऊक नाही. तू तालुक्याच्या गावची, हातभर जाड गादीवर लोळत असशील. तेव्हा शिकव.

दाजींना नमस्कार, प्रगतीला पापा. माया आहे तशीच असू दे.

तुझी
रंजना

मोखाडा
१२ डिसेंबर

चि. रंजनास अनेक आशीर्वाद.

आईचं वाचून जीव खालीवर झाला. लोळायला वेळ कुठला गं, पण गादीतलं थोडंफार कळतं.

कापडावरच्या फुलांना भुलू नये. मधोमध गुडघा रोवून दाबायचं आणि सोडायचं. खळगा तसाच राहिला तर आतला माल मेलेला. एका टोकाला धरून उचलायची. कापूस खाली घसरला तर आतून टाके नाहीत, वर्षात गोळे होतील. नाक लावून वास घ्यायचा. शिवण थोडी उसवून दाखवा म्हणायचं, चांगला दुकानदार नाही म्हणत नाही. आईसाठी फार मऊही नको, अंग रुतलं की वळवता येत नाही.

पण तू बाजारात येऊच नकोस. सांगायचं राहून गेलं, दिवाळीपासून हे हायवेकडच्या एका कारखान्यातून गाद्या आणतात आणि टेम्पोतून गावोगाव विकतात. सासूसाठी त्यांनी सगळ्यात जाड गादी बाजूला काढली आहे. रविवारी स्वतः आणून घालतील. घरचाच माल, त्याला काय पारखायचं.

आईला माझा नमस्कार सांग. आठवण ठेव, पत्र धाडत जा.

तुझी ताई
शीला

साखरशेत
२९ डिसेंबर

ताई,
नमस्कार. रीतसर मायना लिहायला आज हात वळत नाही.

दाजी गादी घेऊन आले, आईच्या पाया पडले, चहा पिऊन गेले. आम्ही दोघी खूष होतो. मग आईच्या पाठीवर पुरळ उठलं. दुपारी पत्रा तापला की घरात दवाखान्यासारखा वास यायचा. मी आईला ओटीवर बसवलं आणि तू लिहिलं होतंस तसा गुडघा रोवला. खळगा तसाच राहिला. मग शिवण उसवली.

ताई, आत नवा कापूस नव्हता. रक्त वाळून काळी पडलेली बँडेजं, पू लागलेले बोळे, प्लास्टरचे तुकडे, सलाईनच्या नळ्या. मी ओढत राहिले. खाली तरी काही चांगलं असेल असं वाटत होतं. एक सुई माझ्या तळहातात घुसली.

जव्हारच्या दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी आईची पाठ बघून मलम दिलं. मला महिनाभराच्या गोळ्या सुरू केल्या, रक्त घेतलं, तीन महिन्यांनी पुन्हा तपासणार. कोणकोणते आजार असू शकतात ते त्यांनी सांगितलं. ते तुला लिहीत नाही.

शेजारचा जगनदादा विचारतो, कोणी विकली सांग, त्याचे हातपाय मोडतो. मी नाव घेतलं नाही. दाजींना ठाऊक होतं का? एवढंच कळव.

रंजना

मोखाडा
२ जानेवारी २०२५

चि. रंजना,
आशीर्वाद लिहायची लाज वाटते, तरी लिहिते.

तुझं पत्र दारात उभ्यानेच वाचलं. हे जेवत होते. ताटासमोर त्यांना वाचून दाखवलं. आधी म्हणाले, माल बांधून येतो, आपल्याला काय माहीत. मग म्हणाले, "वरचं कापड तर कोरं होतं. आत कोण बघतो?"

मी विचारलं, घरात गाद्यांचा ढीग असताना प्रगतीची गादी जव्हारला इदरीसचाचा पिंजाऱ्यांकडे, समोर बसून, नवा कापूस पिंजून का भरून घेतलीत? त्यांनी हात धुतला. ताट अर्धंच टाकून उठले.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर तेच. सुया असतील हे माहीत नव्हतं, असं नंतर रडून सांगत होते. ते खरं असेल. पण आत घाण आहे, एवढं ठाऊक होतं. रंजना, मी या माणसाला इतकी वर्षं जेवायला वाढते आहे.

दुसऱ्या दिवशी त्यांना टेम्पोत बसवलं आणि मी शेजारी बसले. जिथे जिथे गाद्या दिल्या तिथे गेलो. प्रत्येक दारात त्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगायचं, ही माझी अट. दाभोशाला रखमीचं तान्हं बाळ त्या गादीवर निजलं होतं. मीच उचललं, उघडं करून अंगभर पाहिलं. कुठे काही नव्हतं, तरी पुन्हा एकदा पाहिलं. एक म्हातारा गादी देईचना. एवढी जाड गादी परत न्यायला आलात, फसवता काय, म्हणाला. त्याच्यासमोर फाडली तेव्हा तो अंगणात जाऊन ओकला.

टेम्पो तसाच भरलेला पोलीस ठाण्यासमोर नेला. ह्यांनी जबाब दिला, कारखाना कुठे ते सांगितलं. पुढे व्हायचं ते होईल.

जगनदादाला नाव सांगायचं तर सांग. मी अडवणार नाही. आईला जप, तुझ्या हाताला जप.

शीला

साखरशेत
६ एप्रिल

सौ. शीलाताईस,
रंजनाचा सा. न. वि. वि.

काल रक्ताचा निकाल मिळाला. काही निघालं नाही. दवाखान्याच्या पायरीवर बसून मी खूप रडले, शेजारच्या बाईला वाटलं कोणी गेलं. आईची पाठ बरी आहे, काठी धरून ओटीपर्यंत येते.

आज दाजी आले. एकटेच, फाट्यावरून चालत. अंगणात उभे राहिले, वर येईनात. जगनदादाला मी नाव सांगून टाकलं होतं. तो कुंपणाशी आला, त्यांच्याकडे बघत राहिला आणि परत गेला. आईलाही सगळं ठाऊक आहे. ती आतूनच म्हणाली, "रंजे, त्याला भाकर वाढ. उपाशी नको धाडू. पण माझ्या खाटंपाशी येऊ देऊ नको."

दाजींनी ते ऐकलं. अंगणात बसून नागलीची भाकर खाल्ली. ताट स्वतः घासलं, पायरीवर पालथं घातलं आणि गेले. मी त्यांना थांबा म्हटलं नाही, पुन्हा या असंही म्हटलं नाही.

तू मात्र येशील तेव्हा सरळ आत ये. आई वाट बघते.

तुझी
रंजना