कन्सोलसाठी राखीव

३ मे, रविवार

आजपासून रोजनिशी. इतिहास घडतोय आणि आमच्या घरात तो लिहून ठेवणारा दुसरा कोणी नाही.

पुढच्या महिन्यात लॉस एंजेलिसला गेमिंगचा सगळ्यात मोठा शो. तिथे नवा कन्सोल येणार. येणारच. आत्ताचा येऊन सहा वर्षं झाली. मी तो घेतला नाही, कारण नवा येणार हे मला तेव्हाच माहीत होतं. याला दूरदृष्टी म्हणतात. अक्षता याला वेगळं काहीतरी म्हणते, पण बायकोच ती.

टायमिंग झकास आहे. नेमकं आत्ताच हॉलमधलं टीव्ही युनिट करायला काढलंय. मध्ये टीव्ही, खाली कन्सोलचा खण, उरलेल्या भिंतीला अक्षताचं सहा फुटी फोल्डिंग टेबल. पंधरा जूनला शाळा उघडतात, त्या दिवसापासून ती घरी गणिताचा क्लास काढतेय. आठ मुलं पक्की. बाबा अंथरुणाला खिळले तेव्हा तिने शाळेतली नोकरी सोडली. आता ते जाऊन दीड वर्ष झालं, तिला काहीतरी स्वतःचं हवंय. मुलुंडात क्लासेसची काय कमी आहे? पण मी फुल सपोर्टमध्ये आहे.

५ मे, मंगळवार

सुतार आला. नाव कुंडलिक. मशीनची साइज विचारली. म्हटलं, अजून आलेली नाही. मग म्हणाला, ऑर्डर केलीय ना? म्हटलं, अजून जाहीरच झालेली नाही. तो बराच वेळ मेजरिंग टेप उघडमीट करत बसला. मग म्हणाला, साहेब, अंदाजे ठेवू का?

अंदाजे! या अंदाजेपणामुळेच आपला देश मागे आहे.

अक्षताचं म्हणणं, आधी टेबल करून घेऊ, खणाचं नंतर बघू. लॉजिक चुकीचं. टेबल फिक्स झालं आणि कन्सोल मावला नाही तर? समजावून सांगितलं. ठीक आहे म्हणाली. समजूतदार आहे.

९ मे, शनिवार

ब्रेकथ्रू! ऑफिसात ॲडमिनमधला चंद्रप्रकाश माझा सोर्स आहे. कुर्ल्याला राहतो, पण चुलतभाऊ दुबईला. त्याने लीक झालेला फोटो पाठवला. उभा, पांढरा, जाळीदार. बाजूला कोल्ड्रिंकचा कॅन. तस्साच कॅन आणून पट्टीने मोजला, त्यावरून हिशोब केला. उंची एकोणचाळीस सेंटीमीटर. एवढं मशीन तापणार, म्हणजे चारही बाजूंनी हवा खेळायला जागा हवी. टेबल साडेचार फुटांवर आलं.

अक्षताला म्हटलं, मुलं जरा सरकून बसतील, आम्ही नाही का एका बाकावर चौघं बसायचो? ती म्हणाली, हा डबा आणतोयस की भाडेकरू?

कॅन मीच प्यायलो. आता ॲसिडिटी.

१३ मे, बुधवार

हॉलची पार वाट लागली आहे. प्लायवूड सोफ्याला टेकवलंय, सोफा दाराला टेकलाय. दार अर्धंच उघडतं. मी तिरका आत येतो. टीव्ही जमिनीवर, भिंतीकडे तोंड करून. जेवण किचनच्या ओट्याशी उभ्याने.

साइज पक्की होत नाही म्हणून कुंडलिकने मधल्या वेळात पहिल्या मजल्यावर वसुधाकाकूंकडे काम धरलं. हत्यारं मात्र आमच्याकडे ठेवलीत. रोज सकाळी येतो, रंधा उचलतो, खाली जातो. आमच्या घराचं गोडाऊन झालंय. चिडचिड होते, पण मोठ्या कामात हे चालायचंच.

संकल्प: ऑफिसच्या वेळेत मोबाइलवर लीक्स बघायचे नाहीत.

संध्याकाळी: टॉयलेटमध्ये बघितले. तो ऑफिसचा वेळ धरत नाही.

१८ मे, सोमवार

चंद्रप्रकाशकडून नवी खबर. पॉवरचा डबा वेगळा असणार. दोन डबे! आधी का नाही सांगितलं रे, म्हटलं, इकडे प्लाय कापून झालंय. तो म्हणाला, यार, मला पण आत्ताच कळलं ना. आता दुसरा खण. टेबल तीन फूट.

कुंडलिक म्हणाला, मॅडमना विचारलंत का? मी म्हटलं, घरातल्या टेक्निकल गोष्टी मी बघतो.

मॅडमने तीन फूट ऐकलं. हातात उलथनं होतं, ते ओट्यावर ठेवलं आणि बाल्कनीत जाऊन उभी राहिली. पोळी मग मीच उलटली. जळली.

२३ मे, शनिवार

मेहुणा नितेश चेंबूरहून जेवायला आला. त्याच्याकडे आत्ताचाच कन्सोल आहे. सहा वर्षांत अकरा गेम पुरे केले म्हणे. मला म्हणाला, जिजू, घ्या ना हाच, उद्यापासून खेळायला लागाल. कीव आली. हा आजचं बघतो, मी उद्याचं. अकरा गेम पुरे केले, पण नवा आला की जुनाच घेऊन बसणार ना?

मी शाळेत असताना व्हिडिओ गेमच्या पार्लरमध्ये दुसऱ्यांच्या मागे उभा राहून बघायचो. तास-तास. कोणी म्हणायचं नाही, ये, एक गेम खेळ. म्हणून आता घेईन तर सगळ्यात नवा, पहिल्या दिवशी. हे नितेशला सांगितलं नाही.

२६ मे, मंगळवार

क्लासची जागा बघायला एका मुलीची आई आली. चेतना नाव. दार अर्धंच उघडतं म्हटल्यावर पर्स आधी आत आणि मग स्वतः. भुशात पाय नको म्हणून स्टुलावर पाय वर घेऊन बसली. अक्षता चहा करत होती तेवढ्यात मी चेतनाला खणांची रचना आणि हवा कशी खेळणार ते नीट समजावलं. चांगली पंधरा-वीस मिनिटं. तिने फार लक्ष देऊन ऐकलं. नंतर फोन आला की मुलीला दुसरीकडे घालतोय.

अक्षता म्हणाली, सुबोध, मला हा क्लास हवाय. टाइमपास म्हणून नाही. चार वर्षं मी या घरात फक्त औषधांच्या वेळा सांभाळल्या. मला फळ्यापुढे उभं राहायचंय रे.

डोळ्यांत पाणी होतं. मलाही कसंतरी झालं. म्हटलं, तुझी शपथ, सगळं वेळेत होणार. आणि खरंच होणार आहे. आठ जूनला शो, पंधराला क्लास. मध्ये अख्खा आठवडा. टेबलाला काय वेळ लागतो?

३१ मे, रविवार

वसुधाकाकूंनी खाली बोलावलं. मुलाने एअर प्युरिफायर पाठवलाय, लावून दे म्हणाल्या. खोका उघडला. उभा, पांढरा, जाळीदार. पट्टी खिशातच असते हल्ली. एकोणचाळीस सेंटीमीटर.

काकूंनी विचारलं, बरं वाटत नाही का रे? म्हटलं, उकडतंय.

घरी येऊन शांतपणे विचार केला. कंपनीने मुद्दामच प्युरिफायरसारखं डिझाइन ठेवलं असणार, म्हणजे लीक झालं तरी कोणाला संशय येऊ नये. हुशार लोक आहेत. चंद्रप्रकाशला काही बोललो नाही.

कुंडलिक काकूंकडे एक लांबलचक फळी रंधत होता. एवढी मोठी कशाला रे, विचारलं, तर काकूंचं काम आहे म्हणाला आणि पाणी प्यायला आत गेला. एकट्या बाईला एवढं फर्निचर कशाला लागतं कोण जाणे.

४ जून, गुरुवार

अक्षताने आज सरळ विचारलं, पंधराचं नक्की काय? प्लॅन सांगितला: सोमवारी आपल्याकडे सकाळी साडेसहाला शो. सातला साइज माझ्या हातात. आठला कुंडलिक करवत चालवणार. शुक्रवारी टेबल उभं. ठीक आहे म्हणाली. आता चिडत नाही अजिबात. संध्याकाळी काकूंकडे जाऊन बसते. बरंय, बायकांना कंपनी लागते.

८ जून, सोमवार

रजा टाकली. मुद्दाम टीव्ही उचलून सरळ केला, कंबर धरली. कुंडलिकला टेप घेऊन हजर राहायला सांगितलं होतं. आला, सोफ्याच्या हातावर बसला.

दीड तास दुसऱ्यांचेच गेम. तलवारी. झोंबी. एक मासेमारीचा, तो कुंडलिकला आवडला. शेवटी आमची कंपनी. मी उभाच राहिलो. अंधार. धूर. कंपनीचं नाव. बाकी गुरुवारी, म्हणे.

कुंडलिकने विचारलं, मशीन दाखवली का? म्हटलं, धूर दाखवला. तो म्हणाला, मग धुराचं माप घेऊ का? वैताग आला. या लोकांना सस्पेन्स कळत नाही. चहा पिऊन तो खाली गेला.

ऑफिसात जायला हवं होतं. रजा फुकट गेली.

१२ जून, शुक्रवार, सकाळ

त्यांचा गुरुवार म्हणजे आपला शुक्रवार. बघितलं.

डबा नाही.

कन्सोल आला, पण डबाच नाही. सगळं म्हणे टीव्हीच्या आतल्या ॲपमधून चालणार. स्टेजवरच्या माणसाने दोन्ही रिकामे हात वर करून दाखवले आणि हजारो लोक टाळ्या वाजवत सुटले. कशाला टाळ्या? काहीच नाही म्हणून?

आमचा टीव्ही नऊ वर्षांचा. त्यात ते ॲप चालत नाही.

चंद्रप्रकाशला फोन केला. म्हणाला, बघ, मी बोललो होतो ना, काहीतरी वेगळं येणार. साला.

१३ जून, शनिवार

पण याची चांगली बाजू कोणी बघत नाही. डबा नाही म्हणजे खण नको. खण नको म्हणजे पूर्ण भिंत मोकळी! कुंडलिकला हाक मारली. म्हटलं, दोन्ही खण रद्द, मॅडमना सात फुटी टेबल कर, सोमवारच्या आत. रात्रीचा दिवस कर.

तो म्हणाला, साहेब, मॅडमचं टेबल झालं की. खाली. आठ फुटी.

काही कळेना. मग कळलं. काकूंच्या हॉलमध्ये क्लास. ते टेबल अक्षतानेच करवून घेतलं. दारावर तिच्या नावाची पाटीसुद्धा लागलीय. अख्ख्या बिल्डिंगला माहीत होतं, वॉचमनलासुद्धा.

अक्षताला म्हटलं, मला एका शब्दाने सांगितलं नाहीस? ती म्हणाली, सांगितलं होतं. समोर बसून सगळं सांगितलं. तू मोबाइलमध्ये बघत होतास. झकास म्हणालास.

मी म्हणालो असणार. मला आठवत नाही.

१५ जून, सोमवार

क्लास सुरू झाला. नऊ मुलं. चेतनाबाईंची मुलगीपण परत आली.

ऑफिसातून लवकर निघालो. सहाला खाली गेलो. अक्षता दारात आली, हातात मार्कर, बोटं निळी. म्हटलं, पुढच्या आठवड्यापासून वर आण सगळ्यांना, खण रद्द केलेत, अख्खी भिंत तुझी. शब्द देतो.

ती म्हणाली, नको रे, इथे जमतंय आमचं. तुला जागा हवी होती ना, राहू दे ती तुला. रागाने नाही म्हणाली. राग असता तर भांडता आलं असतं. मग आतून कोणीतरी, मॅडम, उत्तर आलं, म्हणून ओरडलं आणि ती गेली.

वर आलो. पाच ते आठ हॉल आता माझा एकट्याचा. मध्ये बोलणारं कोणी नाही, दूध आण म्हणणारं कोणी नाही. इतकी वर्षं हेच तर मागत होतो. टीव्ही लावला, बंद केला. खिडकीतून खालचा हसण्याचा आवाज आला, पोरांचा, आणि त्यात अक्षताचाही. ती अशी हसते हे मी विसरलो होतो. फार वाईट वाटलं. हे इथे लिहितो, तिला सांगायचं धाडस नाही.

साडेआठला येईल, दमलेली असेल. म्हणून वरण-भात करायला घेतलाय. कुकर लावलाय. डाळीला किती शिट्ट्या लागतात, मला माहीत नाही.