माझा दहावा आणि हातावरचं नाव

पौडाजवळून, मुळशी पेटा
श्रावण वद्य तीज, सन १९५९

तीर्थरूप तुळजामावशीच्या पायावर गेणूचं डोकं. मी जिता हाय, हे पयलं सांगतो, न्हाईतर खालचं नाव वाचून तुजे जावई नथूदाजी कागद टाकून पळतील. हितं आई, बैल आन तुजी काळी शेळी खुशाल. शेळी मातुर तू गेल्यापास्नं माज्या आईला जुमानत न्हाई. तुजा गुडघा कसा हाय? घाटाखालची हवा दमट, तवा लेकीला, रंभाआक्काला म्हणावं, रोज निरगुडीचा शेक दे. कागदाच्या माथ्यावर श्री न्हाई म्हणून दाजी भुवया चढवतील. टाक मोडका हाय, पयल्याच अक्षराला शाई सांडली असती म्हणून सोडला. (दाजी, हे मोठ्यानं वाचू नका. श्री कवा घालत न्हाईत ते तुमाला ठावं हाय. जितं कंस येईल तितं खोकायचं आन कंसाच्या पुढनं वाचायचं. मावशीला अक्षर येत न्हाई, पर माणसाच्या तोंडावरनं तिला समदं कळतं. तवा तोंड सांभाळा.)

आता मुळापास्नं सांगतो. सा वर्सांमागं जत्रेत गोंदणारीण आली व्हती, ध्यानात हाय का? तूच मला आन तुज्या बहिरूला कानाला धरून तिच्या म्होरं बसवलंस. म्हणालीस, "पुरुषमाणसाच्या अंगावर नाव असावं, हरवला तर सापडतो." तिला सूपभर तांदूळ बी तूच दिलास. तिला लिवता येत न्हवतं, तवा आमीच कोळशानं हातावर नावं काढून दिली. तीन सुया दोऱ्यानं बांधलेल्या, करवंटीत काजळी कालवलेली. बहिरू पयला बसला आन हूं का चूं केलं न्हाई. मी मातुर असा बोंबललो की जत्रेतली कोंबडी कापायच्या आधीच गार पडली. मग तू हळद लावून फुंकर घातलीस आन इचारलंस, कुणाचं नाव घातलंस रं? आमी म्हणालो, आपापलं. (खोटं, दाजी. त्यानं माजं घातलं, मी त्याचं. डोकं बहिरूचंच. म्हणाला, आपलं नाव आपल्या ध्यानात ऱ्हातंय, दुसऱ्याचं इसरायला व्हतंय. मावशीला कळलं असतं तर राखेनं घासून सालटं काढलं असतं, म्हणून दोघांनी बाह्या खाली ठेवल्या त्या ठेवल्याच.)

पुढं यंदाचा आषाढ. आमचा कोंडिबा चुलता रातोरात बांध दोन हात सरकवणारा माणूस, हे तुला नवं न्हाई. मी चावडीम्होरं हातवारे करून सांगितलं, बांध मागं न्हाई नेला तर मुळेत उडी घालतो. कोंडिबा म्हणाला, घाल. आता एवढं बोलल्यावर माणसानं नदीकडं चालायला तरी पायजे का न्हाई? काठाला गेलो, पाणी बघितलं आन माजं डोकं एकदम थंड झालं. वहाणा चिखलात रुतल्या त्या तितंच सोडल्या, अनवाणी पिरंगुट गाठलं आन तितनं पुणं. दहा-बारा दिवस भवानी पेठेत लाकडाच्या वखारीत फळ्या वाहिल्या. हितं गाव नदीत गळ टाकत व्हतं आन गेणू तितं कांदाभजी खात व्हता. मावशी, तू मला शिव्या दे, मी कान म्होरं करतो. (दाजी, तिच्या शिव्या मी घेईन. पर तिघांनी बघितलंय, तिला सांगायला मातुर कुणी धजावलं न्हाई. बहिरू कमरंला दोर बांधून पाण्यात उतरला, माज्या नावानं हाका मारत. दोराचं दुसरं टोक करंजाला बांधलेलं व्हतं. दोर सापडला, तुटका.)

चौथ्या दिशी खालच्या डोहात प्रेत लागलं. तोंड काय ऱ्हायलं न्हवतं, खेकड्यांची कृपा. पाटलानं बाही वर केली, नाव वाचलं, काठावरच्या वहाणा वळखल्या आन मला मेला म्हणून लिवून टाकलं. बायामाणसांना बघू दिलं न्हाई. चुलत्यानं अग्नी दिला, मिशी उतरवली. आता ती मिशी तो माज्याकडं मागतोय, सारखा ओठावरनं हात फिरवतो आन माज्याकडं डोळे वटारतो. तू म्हणशील, मग मेलं कोण? असंल कोण तरी वरल्या अंगाचा गेणू. आपल्या मावळात धोंडा उचलला की खाली गेणू निघतोय. त्या दिशी आमच्या घरात कडू घास तूच आणलास, पिठलं-भाकर. माज्या आईच्या तोंडात पयला घास तूच घातलास. आई सांगती, तुळजा माज्यापरीस जास्त रडली. (दाजी, खोका. हितं मला बी पुढं लिवायला जरा वेळ लागला.)

मग तू, बहिरू मला हुडकत घाटाखाली लेकीकडंच गेला असंल म्हणून ताम्हिणी उतरलीस, आन हितं माजा दहावा आला. मी त्याच दिशी पुण्यास्नं आलो. बघतो तर घाटावर आमची समदी भावकी उघडीबोडकी. कोण गेलं म्हणून चिंचंच्या आड उभा ऱ्हायलो, तर माजंच नाव! पिंड मांडलेला, कावळा शिवंना. आई म्हणाली, बैल इकणार न्हाई. कावळा ढिम्म. कोंडिबानं समद्यांदेखत पाण्यात हात घालून सांगितलं, बांध मागं नेतो. कावळ्यानं पाठ फिरवली. (आता कोंडिबा म्हणतो, कावळा शिवला न्हाई म्हंजे तुजी ती इच्छाच न्हवती. बांध हाय तितंच हाय.) धा जणांनी धा गोष्टी कबूल केल्या, माजं आवडतं भरीत बी ठेवलं. ऊन डोक्यावर आलं. शेवटी आई आपल्याशीच कायतरी बोलली आन कावळा झपकन खाली आला. (आई म्हणाली, "तुळजाचं छप्पर गळतंय, ते माणसं लावून शाकारून देऊ." समदे रडले, म्हणाले, गेणूचा दोस्ताच्या आईवर केवढा जीव! दाजी, ते छप्पर माज्या ध्यानात बी न्हवतं. औंदा पेंढा कापून शाकारायचं, असं बहिरू पाडव्यापास्नं घोकत व्हता.)

मी चिंचंमागनं बाहेर आलो. न्हावी वस्तऱ्यासकट नदीत पडला, भावकी कपडे सोडून पळाली. आई तेवढी जाग्यावर. तिनं पायातली वहाण काढली आन मी माणूस हाय का भूत, याची हातभर परीक्षा केली. मग माजी बाही फाटली. (भावकी एकेक करत माघारी आली. हातावरचं नाव पाटलानं वाचलं, मग आईनं माजा हात झाकला. मी न्हाव्याला पाण्यातनं वर काढला आन माजं डोकं त्याच्या म्होरं केलं. चुलत्यानं माज्यासाठी केलं ते मी पुन्यांदा बहिरूसाठी केलं.)

तर मावशी, अशी ही गंमत. तुजं छप्पर काल शाकारून झालं. गुडघ्याला जप.

तुजा,
गेणू

ता. क. दाजी, हे तुमच्या एकट्यासाठी. पत्र चुलीत घाला, घरात ठेवू नका. जावई हायसा, वडीलधारे हायसा, तवा आदी आक्काला आन मग मावशीला तुमीच सांगा. माज्यानं व्हणार न्हाई.

ता. क. दुसरं. वरचं खोडा. तुमी काय बी सांगू नका. परवा घाट उतरून मीच येतो. टोपी काढायला लावली तर मावशीला दारातच कळंल, कळू दे. ती मारंल तेवढं मारू द्या, मधी पडू नका. मग बाही वर करून हात तिच्या मांडीवर ठेवीन, आन तिचं बोट धरून एकेका अक्षरावरनं फिरवीन. तिनं सा वर्सांमागं इचारलं व्हतं, कुणाचं नाव घातलंस रं? आता खरं सांगतो.