पुनमवर नजर ठेवल्याचा अहवाल

पिंप्राळा, जळगाव

तीर्थरूप नाना यांच्या पायांवर पुतण्या हितेंद्रचं डोकं (लांबूनच).

पत्राला उशीर झाला, कबूल. रोज लिहायला बसायचो आणि रोज कुणीतरी चहाला हाक मारायचं. (फोन का नाही केला, असं तुम्ही म्हणणारच. फोनवर तुम्ही माझं पहिलं वाक्यसुद्धा पुरं होऊ देत नाही. कागदाला मध्येच "गप रे गधड्या" म्हणता येत नाही, म्हणून पत्र.) तुमचा गुडघा कसा आहे? म्हैस अजून लाथा मारते का? की हे दोन्ही प्रश्न एकच आहेत?

तर धुळ्याहून निघताना तुम्ही बजावलं होतं, "पोर शिकस का फिरस, ते देख." तुमची लेक पुनम खरंच शिकत नसेल तर येत्या एखाद्या रविवारी शिरपूरचे पाहुणे बोलावून लग्न ठरवून टाकायचं, हेही सांगितलं होतं. मी लगेच निघालो. (मध्ये पहूरला एका मित्राचा साखरपुडा निघाला, तिथून त्याच्याच सासुरवाडीला हळदीला गेलो, पण ते असो.) इथे आल्यावर एका मंडपवाल्याकडे काम धरलं आणि पुनमच्या कॉलेजच्या फाटकासमोर पेपर तोंडासमोर धरून उभा राहिलो. पहिल्याच दिवशी पुनम चहाचा कप घेऊन बाहेर आली. म्हणाली, "हितूदादा, पेपर उलटा आहे. नानांना कळव, मी जेवले."

मला कसं ओळखलंस विचारलं, तर म्हणाली, "मध्येच कोणी डोकावलं की कळतंच. आमचा विषयच तो आहे."

आणि नाना, खरंच तो विषय आहे! हे लोक काचेच्या बारीक तारेतून उजेडाचा एकेक कण पाठवतात. वाटेत कुणी तो कण चोरून बघितला की कण बिघडतो आणि दोन्ही टोकांना समजतं की मध्ये कुणीतरी हितेंद्र बसलाय. याला क्वांटम जाळं म्हणतात. शिकणाऱ्यांना 'नवोदित संशोधक' म्हणतात. त्यातल्या एकाला चांगलं टक्कल पडलंय, पण पक्की नोकरी लागेपर्यंत माणूस नवोदितच राहतो म्हणे. अर्धा वेळ ते कण पाठवतात, अर्धा वेळ कण पाठवायला परवानगी मिळावी म्हणून अर्ज पाठवतात. कण लवकर पोचतात.

आता मुख्य भानगड. प्रयोगशाळेच्या उद्घाटनाची समई आमच्या मंडपवाल्याकडून गेली, म्हणजे मीच नेली. कॉलेजचे अध्यक्षसाहेब म्हणाले, समई कोपऱ्यात कशाला, यंत्रासमोर ठेवा. मग म्हणाले, दसऱ्याला आपण ट्रॅक्टरचं बोनेट उघडून हळदकुंकू वाहतो, इथे झाकण लावून पूजा कसली? पुनम तेव्हा माइकवर पाहुण्यांची ओळख करून देत होती. झाकण मी काढलं. नाना, ते यंत्र मिट्ट काळोखात उजेडाचा एकेक कण मोजणारं, आणि त्याच्यापुढे पाच वाती आणि वर कापूर! पडद्यावरचा आकडा असा वर गेला की पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मग शून्य आलं. त्यावर कुणी टाळी वाजवली नाही.

दुसऱ्या दिवशी समिती येणार होती. पुढच्या शिक्षणाला बंगलोरला कोण जाणार, ते ती ठरवणार. मला वाटलं, पुनम मला तारेनेच बांधणार. त्याऐवजी तिने कपाटातून जुनं, नजर अधू झालेलं यंत्र काढलं आणि सकाळपर्यंत जुळवत बसली. हेमलता मॅडम (त्यांच्या गुरू) म्हणाल्या, चोर म्हणून मध्ये कुणाला बसवू या? पुनम म्हणाली, "दादा बसेल. त्याला अनुभव आहे."

समितीसमोर मी मध्ये बसलो, बटण दाबून कण अडवले, बघितले, पुढे ढकलले. पलीकडे पुनमने तत्काळ सांगितलं, आता चोर आला. मी बोट काढलं. ती म्हणाली, गेला. दर वेळी बरोबर! समितीतले एक गृहस्थ माझ्याकडे बघून म्हणाले, चोर फार नैसर्गिक आहे. पुनमची निवड झाली.

तेव्हा अहवाल असा, की पोर शिकते. फिरतो तो मी.

तुमचा, नाइलाजाने एकुलता पुतण्या,
हितेंद्र

ता. क. शिरपूरच्या पाहुण्यांना तेवढं नको म्हणून कळवा. पत्र लिहिलं ते यासाठीच. निवड झाली तरी "पुढचं पुढे बघू" असं तुम्ही पुनमला फोनवर म्हणालात. तेव्हापासून ती यंत्राजवळ नुसती बसून आहे.

ता. क. दुसरा. हे लिहायला मला पुनमने सांगितलेलं नाही. (ही ओळ सोडून बाकी सगळं वाचून तिनेच पसंत केलंय.)

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवणार तोच दारात रिक्षा थांबली. आत आमच्या सुनंदाकाकू! मुक्ताईनगरला दर्शनाला जाते असं तुम्हाला सांगून निघाल्या आणि लेकीची बंगलोरला न्यायची बॅग घेऊन सरळ इथे उतरल्या. माझ्या खांद्यावरून वाचतायत आणि म्हणतायत, "त्यास्ले लिख, पोर जाईच. आनि भाकरी डब्बामा शेतस, खाई ल्या."